पार्श्वभूमी : ‘मुक्त’ साखर आणि मुक्त बाजार

आजच्या अर्थव्यवस्था खरोखर मुक्त बाजाराच्या तत्त्वावर चालतात का, हा वाद बहुधा व्याख्यांपाशीच अडतो. सांगली जिल्ह्यात कृष्णा-वारणेच्या काठी मात्र तो दर गाळप हंगामाच्या तोंडावर ऊसदराच्या रूपाने उभा राहतो.

ज्या ब्रिटनने १८४६ मध्ये धान्यावरील संरक्षक आयातकर उठवण्याचा निर्णय घेऊन खुल्या व्यापाराचा झेंडा मिरवला, त्याच्याच राजवटीत १९३२ मध्ये येथील साखर उद्योगाला जावा बेटावरून येणाऱ्या साखरेपासून कायद्याने संरक्षण मिळाले. येथील सहकारी कारखानदारी त्यानंतरची आहे. म्हणजे संपूर्ण खुला बाजार तिने कधी पाहिलेलाच नाही.

खरा गुंता १९६७ च्या दुहेरी दरपद्धतीने निर्माण केला. कारखान्याच्या उत्पादनापैकी ६० टक्के साखर शासन ठरवील त्या दराने लेव्ही म्हणून रेशनसाठी द्यावयाची आणि उरलेल्या ४० टक्क्यांना ‘मुक्त विक्रीची साखर’ म्हणावयाचे, अशी ती व्यवस्था होती. मुक्त म्हणजे मालकाच्या मर्जीची, असा समज कोणाचाही होईल. परंतु ही साखरही गोदामातून बाहेर काढण्यासाठी शासनाने ठरवून दिलेल्या कोट्याची वाट पाहावी लागे. दर मुक्त होता, विक्रीची वेळ आणि वजन मुक्त नव्हते. आणि बाजारात किती माल येणार हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती बऱ्याच अंशी दरही असतो. ऑगस्ट १९७८ मध्ये नियंत्रणे पूर्णपणे उठवण्यात आली तेव्हा भाव कोसळले, पुढच्या हंगामात उत्पादन घटून ते चढले आणि डिसेंबर १९७९ मध्ये दुहेरी पद्धत परत आली. ‘मुक्त’ हा शब्द या काळात ‘लेव्हीत न गेलेली’ एवढ्याच अर्थाने रूढ झाला, आणि पुढच्या प्रत्येक ‘नियंत्रणमुक्ती’च्या घोषणेत तोच अर्धा अर्थ उतरला.

१९९७ मध्ये राज्यातील झोनबंदी, म्हणजे नेमून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालण्याची सक्ती, उठली व शेतकऱ्याला ऊस कोणत्याही कारखान्याला घालता येऊ लागला. १९९८ मध्ये नव्या कारखान्यासाठी परवान्याची अटही गेली. मात्र दोन कारखान्यांतील हवाई अंतराची अट राहिली, आणि महाराष्ट्राने ती देशातील १५ किलोमीटरवरून २५ वर नेली. अंतराच्या आत नवा गिऱ्हाईक येऊ शकत नसेल, तर झोनबंदी उठली असे म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२०१३ मध्ये लेव्ही आणि कोटा दोन्ही रद्द झाले. साखर नियंत्रणमुक्त झाल्याची वर्णने तेव्हाचीच. पाच वर्षांतच, जून २०१८ मध्ये, मासिक कोटा परतला आणि कारखान्यातून विकल्या जाणाऱ्या साखरेला किलोला २९ रुपयांचा किमान दर आला, जो फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाला. इकडे उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यावयाचा किमान ऊसदर, २०१८-१९ मध्ये क्विंटलला १० टक्के उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणावर) २७५ रुपये होती, ती २०२४-२५ मध्ये १०.२५ टक्क्यांवर ३४० झाली, आणि ती ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत देण्याचे बंधन आहेच. साखरेचा किमान दर मात्र त्या काळात ३१ रुपयांच्या पुढे हलला नाही. जून २०२२ पासून निर्यातीवरही मर्यादा आली.

सांगलीच्याच बाजारात हळदीला आधारभूत किंमत नाही, म्हणून तिचा दाखला मुक्त बाजाराचा नमुना म्हणून दिला जातो. दर सौद्यातच ठरतो हे खरे. पण सौद्याची जागा, अडत आणि मापाची देखरेख १९६३ च्या राज्य कायद्याच्या चौकटीत बसवलेली आहे.

हा केवळ आपल्याकडचा प्रकार नव्हे. युरोपीय देशांतील साखर उत्पादनाचे कोटे सप्टेंबर २०१७ अखेरपर्यंत चालले, आणि अमेरिका आजही आयातीचा कोटा ठरवून आतला दर सांभाळते. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊसदराविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तंटा उभा केला; त्यांतील ब्राझीलमध्ये पेट्रोलमध्ये किती इथेनॉल मिसळायचे हे कायदा ठरवतो. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला आणि भारताने अपील केले. संघटनेचे अपील ऐकणारे मंडळ सदस्यांच्या नेमणुका रखडल्याने दोन वर्षे आधीच ठप्प झालेले असल्यामुळे तो निकाल अधांतरी राहिला.