ग्राफिक्स कार्डाचे ‘अनलॉक’: एका शब्दाची पार्श्वभूमी

ग्राफिक्स कार्डाचा बायोस (कार्डातच साठवलेला, ते कसे चालावे हे ठरवणारा मूळ प्रोग्राम) बदलून कामगिरी वाढवण्याच्या प्रत्येक प्रकाराला सरसकट ‘अनलॉक’ म्हटले जाते आणि या विषयातले बहुतेक गैरसमज त्या एका शब्दातूनच निर्माण होतात. २००२ च्या रेडिऑन ९५०० या कार्डातील बंद पाइपलाइन (चित्र तयार करणारे चिपमधले भाग) प्रामुख्याने सुधारित ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या संगणकातल्या सॉफ्टवेअरने, चालू केल्या जात. तिथे बायोसचा प्रश्न फारसा नव्हता.

बायोस बदलून बंद भाग चालू करणे, या खऱ्या अर्थाने हा शब्द लागू पडला तो डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या रेडिऑन एचडी ६९५० ला. महागड्या ६९७० मध्येही हीच चिप होती; मुख्य फरक हा की ६९५० मध्ये चिपमधल्या १५३६ पैकी १४०८ छोट्या प्रोसेसरच चालू ठेवलेले असत. सुरुवातीच्या अनेक कार्डांत उरलेले १२८ प्रोसेसर शाबूत होते, पण बायोसने बंद केलेले होते. ६९७० चा बायोस चढवला की ते चालू होत. मात्र त्याबरोबर येणारा मेमरीचा वाढीव वेग काही कार्डांना झेपत नसे, म्हणून पुढे मूळ बायोसमध्ये केवळ प्रोसेसरपुरता बदल करण्याची अधिक शहाणी रीत रूढ झाली. कार्डाच्या कडेला दोन बायोसपैकी एक निवडणारा नखाएवढा स्विच होता आणि फ्लॅश (नवा बायोस चढवणे) फसला तर तो सरकवून मूळ प्रतीवर परतता येत असे. हौशी वापरकर्त्यांना धीर आला तो या स्विचमुळे.

२०१७ च्या रेडिऑन वेगा ५६ या कार्डावर त्याच्याहून वरच्या वेगा ६४ चा बायोस चढवणे वरकरणी तसेच दिसते, पण प्रोसेसर ३५८४ चे ४०९६ होत नाहीत. मेमरीचे व्होल्टेज १.२५ वरून १.३५ होते आणि त्यामुळे तिचा वेग वाढवता येतो. लाभ खरा आहे, तरीही त्याला अनलॉक म्हणणे चूक आहे.

रेडिऑन आरएक्स ४८० आणि ५८० वर इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी (संगणकाकडून गणिते करवून ते मिळवण्यासाठी) झालेले बदल तर आणखी वेगळे. बायोसमध्ये मेमरीच्या प्रत्येक वेगटप्प्यासाठी टायमिंगचा, म्हणजे मेमरीने प्रत्येक कामाआधी किती थांबावे याचा, स्वतंत्र तक्ता असतो. खालच्या टप्प्याचा घट्ट (कमी थांबायला लावणारा) तक्ता वरच्या टप्प्यावर उतरवला जाई.

दुसऱ्या बाजूला, प्रतिस्पर्धी एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून डिजिटल स्वाक्षरीच्या (कंपनीने मंजूर केलेलाच बायोस चालू देणाऱ्या तपासणीच्या) सक्तीने बायोसमधील असे फेरफार जवळपास थांबवले. सुरक्षेचे कारण रास्त असले, तरी विकत घेतलेल्या वस्तूवरचा मालकाचा हक्क त्यात आक्रसला, हे नोंदवणे भाग आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले. मायनिंगमधून निघालेल्या जुन्या आरएक्स ५८० वर गेममध्ये रंगीत ठिपके दिसू लागले, तर चिप खराब झाली असे मानण्यापूर्वी त्याच बनावटीचा मूळ बायोस परत चढवून पाहावा.