रूट ६६ : यादीतून वगळलेल्या महामार्गाचा वारसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रूट ६६ हा महामार्ग ११ नोव्हेंबर १९२६ रोजी अस्तित्वात आला आणि जून १९८५ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या यादीतून वगळला गेला. शिकागोहून निघून इलिनॉय, मिसूरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस, न्यू मेक्सिको व ॲरिझोना या राज्यांतून तो कॅलिफोर्नियात पोहोचत असे. त्याचे पश्चिम टोक आधी लॉस एंजेलिसमध्ये आणि पुढे सांता मोनिकात होते. त्याची लांबी सुमारे ३,९०० किमी. भरे, कॅन्ससच्या वाट्याला त्यातले जेमतेम २१ किमी. आले होते.

या मार्गाची आखणी घडवून आणण्यात ओक्लाहोमातील टल्साचे सायरस एव्हरी यांचा पुढाकार होता. नवा रस्ता सलग न बांधता, आधीच असलेले रस्ते जोडून त्यांना एक क्रमांक दिला गेला आणि त्यामुळे महामार्ग शेकडो लहान गावांच्या भर बाजारपेठेतून गेला. पेट्रोल पंप, मोटेल, खानावळी, गॅरेज असे सारे व्यवसाय त्याच्या कडेने उभे राहिले. १९३० नंतरच्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळे व कर्ज यांनी उद्ध्वस्त झालेली शेतकरी कुटुंबे याच रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे गेली. जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ च्या आपल्या कादंबरीत त्याला ‘मदर रोड’ म्हटले, ते या स्थलांतरामुळेच.

बाजारपेठेतून जाणे हे जसे या रस्त्याचे बळ होते, तसेच ते त्याच्या अस्ताचे कारणही ठरले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. भरधाव वाहतुकीसाठी आखलेले हे रुंद रस्ते गावांना वळसा घालून जात. ॲरिझोनातील विल्यम्स या गावाला ऑक्टोबर १९८४ मध्ये बायपास झाला आणि जुन्या मार्गाचा अखेरचा तुकडाही मागे पडला. टेक्सस व न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरील ग्लेनरिओ तर ओस पडले.

वगळलेल्या या रस्त्याचे जतन सुरू झाले ते गावकऱ्यांच्या हट्टातून, आणि हीच या वारशाची सर्वांत मोलाची बाजू मानावी लागते. १९७८ मध्ये बायपास झाल्यावर ॲरिझोनातील सेलिगमन गावाची रहदारी जवळजवळ थांबली होती. तेथील केशकर्तनकार एंजल डेल्गाडिलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये संघटना स्थापून सेलिगमन ते किंगमन हा टप्पा राज्याकडून ऐतिहासिक रस्ता म्हणून मान्य करून घेतला. इतर राज्यांतही अशा संघटना निघाल्या. १९९९ मध्ये केंद्रीय कायदा होऊन जुनी मोटेले, निऑन पाट्या व पूल यांच्या दुरुस्तीसाठी राष्ट्रीय उद्यान सेवेमार्फत साहाय्य मिळू लागले. सेंट लुइसजवळ मिसिसिपी नदीवर मधोमध वळण घेणारा ‘चेन ऑफ रॉक्स’ पूल आता पादचारी व सायकलस्वार वापरतात.

पर्यटनाच्या जाहिरातींत मात्र हा रस्ता मुक्त प्रवासाचे प्रतीक म्हणून रंगवला जातो, आणि ते चित्र अपुरे आहे. वाटेतील अनेक गावांत कृष्णवर्णीयांना सूर्यास्तानंतर थांबण्यास मज्जाव होता. कोठे जेवण व निवारा मिळेल हे त्यांना १९३६ पासून निघणाऱ्या ‘ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेत शोधावे लागे. ओक्लाहोमातील लूथरजवळ थ्रेट या कृष्णवर्णीय कुटुंबाने चालवलेला वालुकाश्माचा पेट्रोल पंप अजून उभा असून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत त्याचा समावेश झाला आहे.