ब्रेक ऑइल : पातळी तपासणे व भरणे

ब्रेकच्या पेडलवर पडलेला पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा द्रव. बाटलीवर ‘ब्रेक फ्लुइड’ छापलेले असले, तरी बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गॅरेजात त्याला ब्रेक ऑइलच म्हणतात. नाव फसवे आहे, कारण हे खनिज तेल नव्हे. ‘डॉट’ आणि पुढचा आकडा ही ब्रेक फ्लुइडची प्रत. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल ईथर या रसायनावर आधारलेले, पाण्यात मिसळणारे द्रव आहेत. इंजिन ऑइल चुकून ब्रेक ऑइलच्या डबीत ओतले गेले, तर रबरी सील फुगतात. मग नुसता द्रव बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर द्रव ढकलणारा भाग) कॅलिपरपर्यंतची (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) रबरेही बदलावी लागतात.

डबी बॉनेटखाली, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरवर बसवलेली असते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. डबी अर्धपारदर्शक असल्याने पातळी बाहेरूनच ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांमध्ये दिसते. झाकण उगाच उघडू नये, कारण हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. भरायचेच असेल, तर आधी झाकणाभोवतीची धूळ पुसावी आणि झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचाच, सीलबंद बाटलीतला द्रव ‘मॅक्स’पर्यंत ओतावा, त्यावर नाही. गाडीच्या रंगावर थेंब सांडला तर रंग निघतो. लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डॉट ५ सिलिकॉनचा असतो, तो बाकीच्यांत मिसळू नये. ५.१ शी त्याचे नाते फक्त आकड्यापुरते. उरलेला द्रव पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय धोक्याची आहे, कारण तो विषारी असतो.

पातळी का उतरली, हा खरा प्रश्न. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि तेवढा द्रव डबीतून खाली जातो. ही घट सावकाश होते. अशा वेळी डबी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबले जातात आणि द्रव बाहेर सांडतो. म्हणून आधी पॅड पाहावेत, मग बाटली आणावी. पॅड चांगले असूनही पातळी उतरत असेल, तर गळती आहे. चाकाची आतली बाजू, रबरी होज आणि मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर तपासावेत. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले, तर द्रव बूस्टरमध्ये, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागात, उतरतो आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. काही गाड्यांत क्लचही याच डबीवर चालतो, त्यामुळे गळती तिकडेही असू शकते. हँडब्रेक सोडूनही डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा विझत नसेल, तर गाडी पुढे नेऊ नये.

पातळी बरोबर असूनही द्रव निकामी झालेला असू शकतो. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५° पर्यंत उतरू शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५° आणि १४०°. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना, किंवा आंबोली घाटात, पाय सतत ब्रेकवर राहिला तर कॅलिपर तापतात, द्रव उकळतो आणि वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, त्यामुळे पेडल तळाला टेकते. ब्रेक निवल्यावर पेडल पुन्हा कडक लागते, म्हणून पुष्कळजण दोष नाहीच असे समजतात. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहणे हा तात्पुरता बचाव. दर दोन वर्षांनी सगळा द्रव बदलणे हा खरा उपाय. रंग काळपट झाला की द्रव जुना समजावा, पण स्वच्छ रंग म्हणजे पाणी नाही असे नव्हे. ते पाहायला गॅरेजात टेस्टर पेन असते.

बदलताना हवा काढावी लागते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करायचा, आणि तो आवळल्यावरच पेडल सोडायचे. सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो. मधेच डबी रिकामी झाली, तर हवा पुन्हा आत शिरते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा अडकली, तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचे यंत्र, लागतो.