किनारी शहरांतील स्थानिक वाहतूक

समुद्र, खाडी किंवा नैसर्गिक बंदराच्या काठी वसलेल्या शहरांत रोजच्या जाण्यायेण्यासाठी असलेली लोकल, बस, ट्राम, मेट्रो, फेरीबोट, दोरगाडी इत्यादी साधने आणि त्यांची एकमेकांशी असलेली सांगड.

मैदानी शहर चहूबाजूंनी वाढू शकते. किनारी शहराची निदान एक बाजू पाण्याने अडलेली असते, म्हणून ते किनारा धरून लांबत जाते आणि वाहतुकीचे मुख्य मार्गही त्याच दिशेने पडतात. मुंबई हे याचे ठळक उदाहरण. तिथे लोहमार्ग प्रामुख्याने उत्तर-दक्षिण असल्याने त्या दिशेचा लांब पल्लाही लोकलने लवकर गाठता येतो. पूर्व-पश्चिम जाणे मात्र अंतर थोडे असूनही वेळखाऊ. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने ही आडवी जोडणी काही प्रमाणात साधली. अशा शहरात नवख्याने किलोमीटर मोजण्याआधी आपल्याला किनाऱ्यालगत जायचे आहे, किनाऱ्यापासून आत जायचे आहे की पाणी ओलांडायचे आहे, एवढे ठरवले तरी निम्मे काम होते.

पूल किंवा बोगदा झाला की बोटी बंद पडतात, असा एक समज आहे. तो सर्वत्र खरा नाही. हाँगकाँगच्या बंदरात स्टार फेरीची परंपरा १८८८ पासूनची. १९७२ मध्ये बंदराखालून रस्त्याचा बोगदा झाला, पुढे मेट्रोही आली, तरी फेरी चालूच राहिली. इस्तंबूलमध्ये २०१३ पासून मार्मराय रेल्वे बॉस्फरसच्या तळाखालून धावते, आणि वर प्रवासी बोटींची ये-जाही चालू असते. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड ते मॅनहॅटन हा सुमारे २५ मिनिटांचा बोटप्रवास १९९७ पासून विनामूल्य आहे. व्हेनिसच्या कालव्यांतील व्हापोरेत्तो ही तर पाण्यावरची बसच: ठरलेले मार्ग, ठरलेले थांबे. कोचीत २०२३ मध्ये बेटांना जोडणारी जलमेट्रो सुरू झाली. तिच्या बोटी मुख्यतः विजेवर चालतात.

बऱ्याच बंदरांच्या पाठीशी लगेच टेकड्या उभ्या असतात. बसलाही जड जाणाऱ्या या चढांनी वेगळीच साधने घडवली. सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ पासून चाललेल्या केबल कारमध्ये इंजिन नसते. रस्त्याखालच्या खाचेतून पोलादी दोर ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने अखंड फिरत असतो. चालक लांब दांड्याने तो पकडतो तेव्हा गाडी निघते, सोडून ब्रेक लावतो तेव्हा थांबते. चिलीतील वालपारायसो येथील उतारगाड्यांचे तंत्र निराळे. त्यांपैकी पहिली १८८३ ची. एकाच दोराला बांधलेल्या दोन डब्यांपैकी खाली येणारा डबा आपल्या वजनाने दुसऱ्याला वर जायला मदत करतो. लिस्बनमधील सांता जुस्ता (१९०२) हा सरळ उभा लोखंडी उद्‌वाहक आहे. ही साधने आज पर्यटकांनी भरलेली दिसत असली, तरी ती मुळात चढ चढून दमणाऱ्या रहिवाशांसाठी बांधली गेली.

तिकिटाची व्यवस्था हा वरवर किरकोळ वाटणारा पण निर्णायक भाग. बोटीतून उतरून बस धरताना पुन्हा रांग लावावी लागली, तर लोक सरळ रस्त्याची वाट धरतात. हाँगकाँगमध्ये १९९७ साली आलेले ऑक्टोपस कार्ड रेल्वे, बस व फेरी या सर्वांवर चालते.

भरती-ओहोटी आणि हवामान यांचा परिणाम जलमार्गांवर थेट होतो. मुंबईतील गेटवे-मांडवा मार्गावरील साध्या लाँच पावसाळ्यात बंद ठेवल्या जातात. सिडनीतील मॅनली फेरीही बंदराच्या तोंडाशी मोठ्या लाटा असल्या की रद्द होते. स्थिर धक्क्यावर ओहोटीच्या वेळी बोट बरीच खाली जाते, आणि वृद्ध व चाकाची खुर्ची वापरणारे अडतात. तरता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होत असल्याने बोट आणि धक्का यांची पातळी जुळलेली राहते; किनाऱ्याशी जोडणारा उतरता पूल मात्र ओहोटीला अधिक तिरका होतो, म्हणून तो पुरेसा लांब ठेवावा लागतो.