सुलतानाचं स्वप्न आणि पडद्याची मोटार

बांका हे तेव्हा बिहारातल्या भागलपूर जिल्ह्याचं एक आडबाजूचं गाव. डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन दौऱ्यावर गेलेले आणि घरात त्यांची विशीतली बंगाली बायको एकटीच. दोन दिवसांनी साहेब परतले, दोन दिवस काय करत होतीस म्हणून विचारलं. तिनं काही कागद पुढे केले. सखावतांनी ते उभ्याउभ्याच वाचून काढले, खुर्चीवर बसायचंही त्यांना सुचलं नाही. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, ‘भयंकर सूड!’

ते कागद म्हणजे ‘सुलतानाज ड्रीम’. लिहिणारी रोकेया सखावत हुसेन. बंगाली घरात जन्म, उर्दू बोलणाऱ्या घरात लग्न आणि कथा मात्र इंग्रजीत. सखावतांनी ती भागलपूरचे कमिशनर मॅकफर्सन यांच्याकडे इंग्रजी तपासायला पाठवली. त्यांनी एका अक्षराला हात न लावता परत केली आणि सोबत लिहिलं की पुढेमागे माणूस हवेतून कसा हिंडेल याचं भाकीतच बाईंनी केलं आहे की काय. 1905 साली ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली, 1908 साली कलकत्त्यात पुस्तकरूपानं निघाली. पुढे रोकेयांनी स्वतःच तिचं बंगालीही केलं. कथेतल्या बायकांच्या देशाचं बंगालीतलं नाव ‘नारीस्थान’.

मद्रासच्या त्या मासिकाला आपल्याकडचा एक धागा आहे, तो इथेच सांगून टाकते. संपादक कमला सत्यनाथन या सॅम्युअल सत्यनाथन यांच्या दुसऱ्या पत्नी. पहिल्या पत्नी कृपाबाई, माहेरचं आडनाव खिस्ती, अहमदनगरच्या. डॉक्टर व्हायला मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेलेल्या, तब्येतीनं साथ दिली नाही म्हणून शिक्षण सोडून लेखनाकडे वळलेल्या आणि 1894 साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारलेल्या. त्यांच्या पश्चात त्या घरातून जे मासिक निघालं, त्यात रोकेयांची कथा आली.

कथा जेमतेम दहा-बारा पानांची. सुलताना आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीचा विचार करत असते, तिचा डोळा लागतो की नाही हे तिलाही नीट कळत नाही. समोर सिस्टर सारा येते, बाहेर चल म्हणते. रस्त्यावर सगळ्या बायकाच. सुलतानाला तोंड न झाकता चालायची सवय नाही, ती बिचकते. येणाऱ्याजाणाऱ्या हसतात, म्हणतात, ही पुरुषासारखी लाजाळू दिसते. इथे पुरुष मर्दान्यात बंद. ते रांधतात, मुलं सांभाळतात. कारभार, शेती, प्रयोगशाळा सगळं बायकांकडे. बायका ऑफिसचं काम दोन तासांत उरकतात. पुरुषांना सात तास का लागायचे? तर एक चिरूट ओढायला अर्धा तास आणि दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तास धुरातच गेले. पुरुषाचा मेंदू मोठा असतो ना, या प्रश्नावर साराचं उत्तर तयार: हत्तीचा त्याहून मोठा असतो, तरी हत्तीला साखळी माणूसच घालतो.

हे सगळं झालं कसं, तेही सांगितलं आहे. तिथल्या राणीनं मुलींच्या शाळा काढल्या, एकविसाव्या वर्षाआधी लग्न बंद केलं आणि बायकांसाठी वेगळी विद्यापीठं उभी केली. एका विद्यापीठानं ढगांच्या वर तरंगणारा, नळ्या जोडलेला फुगा बनवला आणि हवं तेवढं पाणी वरूनच खेचून घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्यानं उन्हाची उष्णता साठवायचं यंत्र केलं. पुरुष या काळात फौजफाटा वाढवण्यात गुंतलेले, बायकांच्या संशोधनाला हसणारे. मग शेजारच्या राजानं लढाई पुकारली, पुरुष हरत गेले. शेवटी विद्यापीठाच्या प्राचार्या म्हणाल्या, आम्ही बघतो, पण आम्ही बाहेर पडायच्या आधी पुरुषांनी आत जावं, आम्हाला पडदा पाळायचा आहे. दमलेभागलेले पुरुष निमूट आत गेले. दोन हजार विद्यार्थिनी रणावर गेल्या, साठवलेले सूर्यकिरण शत्रूवर सोडले आणि लढाई तिथेच संपली.

पुढे पोलीस कमिशनर आणि डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट आतून निरोप धाडतात की आम्हाला आता कामावर घ्या. राणी कळवते, गरज पडली तर बोलावू. हे पहिल्यांदा वाचणारा माणूस स्वतः डेप्युटी मॅजिस्ट्रेट होता, हे ध्यानात घेतलं की ‘भयंकर सूड’ या दोन शब्दांची चव वेगळीच लागते. (आणि त्यानंतर त्यानं ती कथा फाडली नाही, वरिष्ठाला वाचायला दिली, हेही.)

या कथेवर लिहिणारे बहुधा सूर्यकिरणांच्या अस्त्रापाशी थांबतात. मला त्यातली गाडी जास्त मोलाची वाटते. साराला राणीकडे जायचं असतं. ती एक चौकोनी फळी घेते, तिच्यावर दोन आसनं स्क्रूनं बसवते, फळीला दोन गुळगुळीत गोळे जोडते. गोळ्यांत हायड्रोजन, वजन उचलायला. मग पंखासारखी दोन पाती लावते, ती विजेवर चालतात. दोघी बसतात, सारा कळ दाबते, पाती गरगरायला लागतात, गाडी आधी सहा-सात फूट वर उठते आणि मग उडते. बस, एवढंच. दोन बायका, एक फळी आणि कुणालाही न विचारता निघणं. राइट बंधूंचं विमान जेमतेम दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर 1903 मध्ये, काही सेकंद हवेत राहिलं होतं.

ती गाडी काय किंवा बिनधुराचं स्वयंपाकघर काय, ज्या घरातून आलं त्या घराकडे बघितलं पाहिजे. रोकेयांचा जन्म 1880 चा, रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावचा. वडील जमीनदार, अरबी-फारसीचे जाणकार, चार बायकांचे धनी. मुलगे कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये शिकले, मुलींना कुराण वाचण्यापुरती अक्षरओळख आणि थोडं उर्दू. बंगाली शिकवायचं नाही, ती हलक्या लोकांची भाषा. थोरली बहीण करीमुन्निसा चोरून बंगाली वाचताना सापडली, तिला शिकवण्याऐवजी लवकर लग्न लावून दिलं, पंधरा पुरी व्हायच्या आत. तीच पुढे रोकेयांची बंगालीची गुरू झाली. इंग्रजी शिकवलं थोरले भाऊ इब्राहिम साबेर यांनी, रात्री घर झोपल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात.

आणि गोषा, म्हणजे पडदा. मराठीत हा शब्द आता अडगळीत गेला आहे, पण रोकेयांच्या घरचा गोषा परपुरुषांपुरता नव्हता. पाच वर्षांची असल्यापासून बाहेरच्या बायकांपासूनही त्यांना लपावं लागे. पाहुणीची चाहूल लागली की मुलगी स्वयंपाकघरात, चटईच्या गुंडाळीत, पलंगाखाली, मिळेल तिथे. ही मुलगी मोठी होऊन वाहनाची कथा लिहिते यात नवल नाही.

कथेतल्या उन्हावरच्या चुलीचंही तसंच. उन्हावर काम करणारी यंत्रं तोवर खरोखर झाली होती. मुंबईत विल्यम अॅडम्स नावाच्या हायकोर्टातल्या अधिकाऱ्यानं 1870 च्या दशकात कुलाब्याला आरशांच्या जोरावर वाफेचा पंप चालवून दाखवला, उन्हावर सैनिकांचं जेवण शिजवलं आणि 1878 साली त्यावर पुस्तकही काढलं. अॅडम्सना दगडी कोळशाचा खर्च वाचवायचा होता. रोकेयांचं लक्ष चुलीपुढच्या डोळ्यांकडे होतं. सुलताना स्वयंपाकघरात शिरते तेव्हा पहिली गोष्ट तिला दिसते ती ही, की धूर नाही.

सखावत 1909 साली गेले. मधुमेहानं दृष्टी गेली होती, शेवटची वर्षं रोकेयांनी त्यांची शुश्रूषा केली. दोन मुली झाल्या होत्या, दोन्ही तान्ह्या असतानाच गेल्या. सखावतांनी मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये ठेवले होते. त्याच वर्षी भागलपुरात पाच मुलींची शाळा सुरू झाली, पण सावत्र मुलीशी इस्टेटीवरून बिनसलं आणि रोकेयांना गाव सोडावं लागलं. 16 मार्च 1911 रोजी कलकत्त्याच्या वलीउल्ला गल्लीत आठ मुलींवर ‘सखावत मेमोरियल’ पुन्हा उघडली. रोकेया स्वतः कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. एकच शिक्षिका एका वेळी पाच मुलींना कशी काय शिकवू शकते, हे सुरुवातीला आपल्याला समजतच नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. दोन-दोन विद्यापीठं कल्पनेनं उभारून झाली होती, वर्ग मात्र पाहिलेला नव्हता.

बायकांचं विद्यापीठ कल्पनेबाहेर यायला फार दिवस लागले नाहीत. 1916 साली धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात ते काढलं, तेही जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका वाचून. रोकेयांची वाट मात्र त्याहून चिंचोळी होती. त्यांना आधी मुलगी घरातून शाळेपर्यंत आणायची होती.

कलकत्त्यातल्या शरीफ मुसलमान घरांची अट एकच: येताजाता कुणाची नजर पडता कामा नये. आधी घोड्याची बंद गाडी होती, मग मोटार आली. ही मोटार अशी बांधून घेतलेली की दारांच्या वर अरुंद जाळ्या, बाकी सगळं ठार बंद. पहिल्याच दिवशी आतल्या मुली उकाड्यानं कासावीस झाल्या, काहींना ओकाऱ्या आल्या, लहानग्या अंधारात रडायला लागल्या. पुढे काही जणींना घेरी आली. ओळखीची एक हिंदू बाई येऊन म्हणाली, रस्त्यानं भलंमोठं कपाट चाललंय असं वाटलं. तिच्या भाच्यानं त्याला चालतंफिरतं ब्लॅक होल म्हटलं होतं. 1756 साली जिथे कोंडलेले इंग्रज कैदी गुदमरून मेले, त्या कलकत्त्याच्या काळकोठडीची आठवण त्या शहरात कुणाला सांगावी लागत नसे. मुलींच्या आया गयावया करू लागल्या, तुम्ही आमच्या मुली जिवंतपणी कबरीत भरताय. म्हणून बंद बाजू उघडून तिथे पडदे लावले. लगेच पत्रं आली, एक इंग्रजीत, ‘ब्रदर-इन-इस्लाम’ अशा सहीचं, बाकीची उर्दूत. वाऱ्यानं पडदे उडतात, मुली बेपर्दा होतात, ताबडतोब बंदोबस्त करा, नाहीतर वर्तमानपत्रांत बोभाटा करू आणि मुलींना पाठवणं बंद करू.

हा प्रसंग त्यांनी ‘अवरोधवासिनी’त सांगितला आहे. 1931 साली पुस्तकरूपानं आलेल्या या संग्रहात गोष्याचे 47 किस्से आहेत, कुठलीही टीकाटिप्पणी न करता, जवळजवळ पंचनाम्याच्या सुरात. त्यातला एक रोकेयांच्या लांबच्या मामेसासूबाईंचा. भागलपूरहून पाटण्याला निघालेल्या, सोबतीला एक मोलकरीण. किऊल स्टेशनात गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून त्या फलाट आणि डब्याच्या मधे पडल्या. हमाल धावले. मोलकरीण ओरडली, बीबींच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. ती एकटी ओढत राहिली, तिच्यानं निघेना. अर्धा तास थांबून गाडी सुटली. बाई अकरा तासांनी गेल्या.

हे वाचल्यावर नारीस्थानातल्या ज्या ओळी नुसत्या गमतीच्या वाटतात, त्या तशा राहत नाहीत. तिथे रेल्वे नाही, रस्त्यावर अपघात होत नाहीत, असं सारा सुलतानाला सहज बोलून जाते.

एक मात्र म्हटलं पाहिजे. रोकेया स्वतः बुरखा घेऊन वावरल्या आणि शाळा पडद्यात ठेवूनच चालवली. दागिने म्हणजे गुलामीच्या खुणा, असं लिहिणाऱ्या याच. तो लेख पहिल्यांदा छापला तेव्हा इतका गदारोळ झाला की ‘मोतीचूर’ या संग्रहात घेताना त्यातले पाच परिच्छेद गाळावे लागले. कागदावर त्या कुणाचं ऐकत नसत, शाळेच्या दारात मात्र पालकांचं ऐकत. काहींना हा दुटप्पीपणा वाटतो. मला तो हिशेब वाटतो: बुरखा गेला असता तर मुली गेल्या असत्या. आणि नारीस्थानही काही समतेचं राज्य नाही, तिथे राणी आहे आणि कोंडलेली माणसं आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत. ती टिंगल आहे, आराखडा नव्हे. आराखडा हवा तर 1924 ची ‘पद्मराग’ ही कादंबरी वाचावी. तारिणी भवन नावाच्या आश्रमात हिंदू, मुसलमान, ब्राह्मो, ख्रिस्ती बायका एकत्र राहतात, शाळा आणि दवाखाना चालवतात. तिथे कुठलंही यंत्र नाही, आणि खरं सांगायचं तर ती कथेइतकी रंगतही नाही.

मराठीत या जातकुळीचं पुस्तक 1928 साली आलं, काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’. एका संस्थानाची सूत्रं बायकांच्या हाती येतात आणि त्या राज्य चालवून दाखवतात. काशीबाई रोकेयांपेक्षा एकोणीस वर्षांनी मोठ्या, त्याही घरी चोरून वाचायला शिकलेल्या. अमेरिकेतल्या शार्लट पर्किन्स गिल्मन यांची ‘हरलँड’ 1915 ची, म्हणजे सुलतानाच्या दहा वर्षांनंतरची. तरी स्त्रीराज्याच्या कथांची यादी काढताना बरेच दिवस सुरुवात तिथून होत असे. ‘सुलतानाज ड्रीम’ बंगालबाहेर पुन्हा वाचली जाऊ लागली ती मुख्यतः 1988 साली न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसनं ती छापल्यानंतर. 2023 साली स्पेनमध्ये तिच्यावरून स्फुरलेला अॅनिमेशनपट निघाला, 2024 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक स्मृतिनोंदीत ती गेली. बांगलादेशात 9 डिसेंबर हा रोकेया दिवस, रंगपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव.

बांक्यातल्या त्या दोन दिवसांची हकीकत आपल्याला कळते ती रोकेयांच्या एका शेवटशेवटच्या लेखातून. त्याचं नाव ‘वायुयानात पन्नास मैल’. 1930 साली नात्यातल्या एका तरुण वैमानिकानं त्यांना विमानातून फिरवून आणलं. वय पन्नास. ‘सुलताना’ लिहिली तेव्हा विमान काय, मोटारगाडीसुद्धा आपल्या आसपास नव्हती, असं त्या त्यात सांगतात.

दोनच वर्षांनी, 9 डिसेंबर 1932 च्या पहाटे त्या गेल्या. कलकत्त्याजवळ सोदपूरला त्यांना पुरलं. टेबलावर आदल्या रात्री लिहायला घेतलेला कागद होता, शीर्षक ‘नारीचे अधिकार’. उत्तर बंगालातल्या शेतकरी घरांत नवरे किरकोळ कारणावरून बायकोला तलाक कसा देतात, ते त्यात मांडायला घेतलेलं. लेख अर्धाच आहे.