सिझरनंतरची नॉर्मल डिलिव्हरी (व्हीबॅक)

आधीचं बाळंतपण सिझेरियनने झालंय आणि पुढचं बाळ योनीमार्गाने जन्माला आलं तर डॉक्टर त्याला व्हीबॅक म्हणतात, घरी लोक सरळ 'सिझरनंतर नॉर्मल' म्हणतात. कळा येऊ देऊन बघणं हा झाला नुसता प्रयत्न, तो जमला तरच व्हीबॅक.

पहिलं व्हीबॅक कोणतं यावर वाद आहे. स्वित्झर्लंडच्या थुरगाव भागात डुकरं खच्ची करणाऱ्या जाकोब नुफरने साधारण १५०० च्या सुमारास स्वतःच्या बायकोचं पोट कापून मूल काढलं, ती वाचली आणि पुढे तिला जुळ्यांसकट आणखी मुलं नेहमीच्या वाटेने झाली, असं सांगतात. पण हे कागदावर आलं ते कास्पार बाउहिन या स्विस वैद्याने १५८२ मध्ये लिहिलं तेव्हा, म्हणजे जवळपास ८० वर्षांनी, आणि तेव्हा गर्भपिशवीला टाके घालायची पद्धतच नव्हती, ती जर्मन डॉक्टर माक्स झेंगरमुळे १८८२ नंतर रुळली. त्यामुळे काहींचं म्हणणं असं की ते मूल पिशवीबाहेर पोटातच वाढलं असावं, म्हणजे पिशवीला चीर गेलीच नसेल, मग व्हीबॅक कसलं! हेच जास्त पटतं.

'एकदा सिझर की कायम सिझर' हे न्यूयॉर्कच्या डॉक्टर एडविन क्रेगिनचं १९१६ चं वाक्य. ते नियम म्हणून फिरलं खरं, पण त्याचा रोख पहिलं सिझर उगाच करू नका याकडे होता असं दिसतं, अपवाद त्याने स्वतःच सांगितले होते. शिवाय तेव्हा पिशवीवर उभी चीर घ्यायचे. ग्लासगोच्या डॉक्टर मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात खालच्या भागातली आडवी चीर रुजवली आणि हिशोब बदलला: उभ्या चिरेचा व्रण कळांमध्ये फाटण्याचा धोका ४ ते ९ टक्के धरतात, आडव्याचा १ टक्क्याच्या आत, साधारण २०० त एक. कातडीवरचा टाका आडवा म्हणजे आतलाही आडवाच असं मात्र नसतं, म्हणून जुना ऑपरेशनचा कागद बघतात.

निवडून केलेल्या प्रयत्नांत ६० ते ८० टक्के यश येतं, आधी एखादी नॉर्मल झाली असेल तर आणखी जास्त. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने कळा आणणं टाळतात, व्रण फाटायला लागल्याची खूण बरेचदा बाळाच्या ठोक्यांवरच आधी दिसते. उलट दर खेपेला सिझर केलं तर वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुतून बसायचा धोका वाढत जातो, हे घरच्यांना क्वचितच कोणी सांगतं.

अमेरिकेत आधी सिझर झालेल्या बायकांमध्ये व्हीबॅकचं प्रमाण १९९६ मध्ये २८ टक्क्यांपर्यंत गेलं, मग १९९९ मध्ये तातडीच्या ऑपरेशनची सोय हाताशीच हवी असं तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितल्यावर ते झपाट्याने उतरलं. भारतात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली, महाराष्ट्रात २५.४ टक्के, म्हणजे दुसऱ्या खेपेला हा प्रश्न पडणाऱ्या बायका भरपूर, पण रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळेल की नाही यावरच बऱ्याच ठिकाणी गाडी अडते.