गळाची मासेमारी, कोल्हापूर परिसरातील

कोल्हापूर जिल्ह्यातील नद्या, बंधारे व तळी यांत काठी, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि गळ यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी. जाळ्याची मासेमारी हा भोई व कोळी समाजांचा, तसेच सहकारी संस्थांचा व्यवसाय असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही. जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही आणि पंचगंगा, वारणा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या प्रमुख नद्या पूर्वेकडे कृष्णेच्या खोऱ्यात जातात. त्यामुळे उष्ण किनारी पाण्यातला आणि खाड्यांत शिरणारा टारपॉनसारखा झुंजार मासा येथे मिळत नाही. त्याचे स्थान येथे खडशीने, म्हणजेच महसीर या मोठ्या खवल्यांच्या नदीतल्या माशाने घेतले आहे.

प्राचीनता : दख्खनमध्ये गळाने मासे धरणे हा करमणुकीचा प्रकार किती जुना, याविषयी लिखित आधार प्रामुख्याने एकच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातील विनोदविंशतीत, म्हणजे करमणुकीच्या वीस प्रकारांच्या भागात, मत्स्यविनोदाचा (माशांच्या करमणुकीचा) स्वतंत्र अध्याय आहे. ग्रंथात शके १०५१ चा उल्लेख येत असल्याने त्याची रचना साधारणतः ११२९ ते ११३१ या काळातील मानतात. अध्यायात माशांची विभागणी खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे व लहान, समुद्रातले व नदीतले अशी केली असून त्यांना खाऊ घालणे आणि गळाने धरणे यांचे वर्णन आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायाचे विवेचन करून त्यातील नावे आजच्या जातींशी जुळवण्याचा प्रयत्न केला.

कोल्हापूरचे शिलाहार त्या काळी चालुक्यांचे मांडलिक होते. गंडरादित्य हा सोमेश्वराचा समकालीन असून त्याने गंडसमुद्र नावाचा तलाव बांधल्याचे लेखांवरून कळते. यावरून हा राजविनोद कोल्हापुरातही रूढ असावा, असे अनुमान काढता येते. मात्र ते अनुमानच आहे. तलाव बांधणे हे पुण्यकर्म होते आणि त्याचा मासेमारीशी संबंध जोडण्यास आधार नाही. ग्रंथातील मोठ्या खवल्यांच्या नदीमत्स्याला थेट महसीर म्हणणेही सावधपणे घ्यावे लागते. वर्णने त्रोटक आहेत आणि या खोऱ्यात मोठ्या खवल्यांचा मासा एकच नाही.

खडशी व मसाळा : मोठ्या खवल्यांच्या माशांच्या ओळखीचा हा घोळ अर्वाचीन काळातही चालू राहिला. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनचे मासे वर्णिले. त्यांत पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ‘खुद्री’ आणि घोड नदीतील ‘मुसुल्ला’ हे दोन मासे होते. खुद्रीची ओळख टिकली. तोच आजचा टोर खुद्री, म्हणजे दख्खनी महसीर. मुसुल्लाचा मूळ नमुना (ज्यावरून वर्णन केले तो मासा) मात्र उपलब्ध नाही. होरांनी १९४० च्या दशकात हे नाव कुबडाच्या महसीराला लावले आणि दक्षिणेकडील शिकारी लेखनात ते रुळले. २०१३ च्या सुमारास नाइट व सहकाऱ्यांनी साइक्सचे वर्णन पुन्हा तपासून मुसुल्ला हा महसीरच नव्हे, तर हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतील मासा आहे असे दाखवले. कावेरीतील कुबडाचा महसीर २०१८ मध्ये टोर रेमादेवी म्हणून ओळखला गेला. मुसुल्लाविषयीचे नाइट व सहकाऱ्यांचे मत साइक्सच्या मजकुराशी अधिक जुळते. परिणामी, कृष्णेच्या खोऱ्यातून ‘मसाळा’ या नावाने नोंदलेला जुना मोठा मासा नमुना पाहिल्याशिवाय महसीरांत धरू नये. कोल्हापूरच्या माशांसाठी कलावार व केळकर यांची १९५६ मधील यादी अभ्यासकांना अजूनही पहिली पायरी म्हणून उपयोगी पडते. तीही या नामांतरांच्या आधीची आहे, हे विसरू नये.

पाणी व हंगाम : खडशी खडकाळ तळाच्या, वाहत्या, प्राणवायूयुक्त पाण्यात राहते आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या वर जाते. पहिल्या पुरात वर येणारे इतर लहान-मोठे मासे ‘चढणीचे मासे’ म्हणून खवय्यांना ठाऊक आहेत. जिल्ह्यातील जलरचनेचा या प्रवासाशी असलेला संबंध सहसा ढोबळपणे सांगितला जातो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांमधील खाचांत बरगे (आडव्या फळ्या) बसवून पावसाळ्यानंतरचे पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढतात. चढणीच्या काळात बंधारा त्यामुळे बराचसा मोकळा असतो, जरी खालच्या तळाची पायरी काही माशांना रोखत असेल. खरा अडथळा राधानगरीसारख्या धरणांचा आहे. राजर्षी शाहूंनी भोगावतीवर सुरू केलेले हे धरण स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले, आणि मासा त्याच्या भिंतीपलीकडे जात नाही. हिवाळ्यात, बरगे बसल्यावर, बंधाऱ्याखालच्या फेसाळ पाण्यात गळ टाकणारे जमतात. कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा हे त्यांतले परिचित ठिकाण.

साधने : बांबूची काठी अजून दिसते, पण रीळ लावलेली फायबरची काठी वाढत आहे. आमिषाला गांडूळ, कणकेचा गोळा, लहान मासा किंवा खेकडा. महसीर फळेही खातो, म्हणून नदीकाठच्या उंबराखालचा डोह जुने लोक सोडत नाहीत. खडशीचे दात जबड्यात नसून घशात असतात आणि त्यांची पकड भक्कम असते. गळ लागताच ती प्रवाहाबरोबर धाव घेते. सपाटीवर मरळ, शिंगटा, वाम, तसेच बाहेरून आणून सोडलेले कटला, रोहू आणि चिलापी मिळतात. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात चिलापीच मुख्य.

निर्बंध व सद्यःस्थिती : सुरुंग व विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने निषिद्ध ठरवले आणि राज्यात १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम लागू आहे. अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क संस्थांना ठेक्याने दिले जातात; तेथे गळालाही परवानगी लागते. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खडशीचे कृत्रिम प्रजनन होते व तेथील बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) अनेक राज्यांत सोडली गेली. त्यामुळे आज जलाशयात सापडलेली खडशी मूळची की सोडलेली, हे तिच्या रूपावरून ठरवता येत नाही. इचलकरंजीकडील पंचगंगेच्या पट्ट्यात औद्योगिक व शहरी सांडपाण्याने मासे मरण्याच्या घटना वारंवार घडल्या असून, गळाची मासेमारी तेथे जवळजवळ चिलापीपुरती राहिली आहे.